मायकोरायझा आणि डीएपी एकाच दिवशी? कांदा उत्पादकांनी आधी हे समजून घ्यावं

उन्हाळी कांद्याचं रोप उपटून मुळं धुऊन पाहिली, तर ती थोडी, जाडसर आणि जवळपास गुळगुळीत दिसतात. गव्हाच्या मुळांवर असते तशी बारीक केसांची दाटी त्यांच्यावर नसते. एवढ्याशा मुळांवर कांदा पोसतो, कारण त्याला जमिनीतल्या एका बुरशीची सोबत असते. कृषी सेवा केंद्रात ‘मायकोरायझा’ नावानं जी पावडर मिळते, ती हीच.

बुरशी म्हटलं की शेतकऱ्याला मर, करपा आठवतो. ही त्यातली नाही. ट्रायकोडर्माही वेगळा, त्याचं काम रोगाच्या बुरशीला रोखण्याचं. 1885 मध्ये फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं झाडाच्या मुळाशी एकजीव झालेल्या बुरशीला मायकोरायझा, म्हणजे ‘बुरशी-मूळ’ हे नाव दिलं. त्यानं पाहिली ती जंगलातल्या झाडांची होती. कांद्यातली तिची भावकी थेट मुळाच्या पेशीत शिरते.

खरी अडचण स्फुरदाची आहे. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येतं. स्फुरद मात्र मातीला चिकटून बसतो, चुनखडीच्या रानात तर चुन्याशी बांधला जातो. मुळाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद संपला की पलीकडचा असून नसल्यासारखा. बुरशीचे तंतू तिथून पुढं काही सेंटीमीटर जातात. मूळ शिरणार नाही अशा फटीतूनही ते स्फुरद आणि जस्त ओढून आणतात. मोबदल्यात पीक पानात तयार झालेल्या अन्नातला वाटा देतं. हा वाटा साधारण 4 ते 20 टक्के असल्याचा अंदाज आहे.

म्हणजे ही सोबत फुकटची नाही. मुळाजवळ स्फुरद मुबलक असेल, तर पीक बुरशीला फारसं जवळ करत नाही. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद असतो. लागवडीला गोण्या ओतायच्या आणि त्याच दिवशी मायकोरायझाही द्यायचा, हा दोन्हीकडून खर्च झाला. माती परीक्षणात स्फुरद ‘जास्त’ निघाला, तर आधी गोणी कमी करावी. तो खरोखर कमी असेल, तर खत द्यावंच लागतं. बुरशी स्फुरद तयार करत नाही, असलेला आणून देते.

दुसरी गोष्ट, ही बुरशी जिवंत मुळांवरच जगते. रान बरेच महिने मोकळं राहिलं की ती घटते. रोटाव्हेटरच्या जास्त पाळ्यांनी तिचं जाळं तुटतं. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट ही पिकं तर तिला थाराच देत नाहीत. कोबीच्या रानात लगेच कांदा घेतला तर सुरुवातीला ही सोबत कमी मिळते. मका, ज्वारी, सोयाबीन, हरभरा यांच्या मुळांवर ती चांगली टिकते. शेणखताच्या ढिगात दिसणारे पांढरे धागे म्हणजे मायकोरायझा, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. मुळातली ही बुरशी पाहायची तर मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीच धरावं लागतं.

पावडर घ्यायचीच असेल, तर ती मुळाला लागली पाहिजे. रानभर फेकून उपयोग नाही. गादीवाफ्यात बियाण्याच्या खाली द्यावी किंवा लागवडीवेळी रोपांची मुळं तिच्या पाण्यात बुडवावीत. कोकोपीटच्या ट्रेमधल्या रोपांना रानातली बुरशी लागलेली नसते, तिथं तिचा उपयोग जास्त. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक मात्र त्याच पाण्यात मिसळू नये, ते हिलाही मारतं. पिशवीवरची मुदत बघूनच पैसे द्यावेत, कारण आत जिवंत माल असतो.

आपल्या रानात फरक पडतो का, हे दुकानदार सांगू शकत नाही. त्यासाठी दोन-चार वाफे पावडर न देता सोडावेत, खत-पाणी सगळीकडं सारखं ठेवावं आणि काढणीला दोन्हीकडचा कांदा वेगळा मोजावा.