वानखेडेवर बसायचं कुठं?

मुंबईतलं एक अख्खं स्टेडियम खुर्च्यांच्या भांडणातून उभं राहिलं. १९३७ साली खुलं झालेलं ब्रेबॉर्न हे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे एका क्लबच्या मालकीचं मैदान. कसोटी सामने तिथं व्हायचे, पण ते भरवायची जबाबदारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची. घर एकाचं, कार्य दुसऱ्याचं. तिकिटांतला वाटा कुणाचा किती, यावरून कुरबुरी चालायच्याच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या हातघाईवर आल्या. क्लबच्या बाजूला विजय मर्चंट, असोसिएशनच्या बाजूला शेषराव वानखेडे. आमदारांच्या एका मदत सामन्याची विनंती मर्चंटांनी धुडकावली आणि वानखेडे इरेला पेटले, अशी गोष्ट मुंबईच्या क्रिकेटमध्ये आजही सांगतात. वास्तुविशारद शशी प्रभू यांनी सुमारे तेरा महिन्यांत ब्रेबॉर्नपासून चालत दहा मिनिटांवर दुसरं स्टेडियम उभं करून दिलं. २३ जानेवारी १९७५ रोजी तिथं वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी सुरू झाली. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ धावा केल्या. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक प्रेक्षक अभिनंदनाला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बदडलं आणि स्टँडमध्ये दंगल उसळली. पुढे याच मैदानावरच्या एका स्टँडला विजय मर्चंटांचं नाव दिलं गेलं. भांडण मिटवायची ही खास मुंबईची पद्धत.

खुर्च्यांचा प्रश्न मात्र मिटला नाही. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी झाली आणि प्रेक्षकसंख्या सुमारे ३३ हजारांवर आली. संलग्न क्लब, सभासद, प्रायोजक, क्रिकेट मंडळ, सरकारी पाहुणे असे सगळ्यांचे वाटे निघाले, की उरतं ते आम जनतेला. त्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला लोकांसाठी जेमतेम ४ हजार तिकिटं उरली होती. म्हणजे गिरगावातल्या किंवा लालबागच्या माणसासमोर मोबाइलवर मैदानाचा रंगीबेरंगी नकाशा उघडतो, तेव्हा निम्म्याहून जास्त रंग आधीच करडे झालेले असतात. हातात मिनिटभर असतं. अशा वेळी माणूस दोनच गोष्टी बघतो, भाव आणि जवळपणा. महाग ती चांगली आणि मैदानाला जवळ ती त्याहून चांगली. हे दोन्ही हिशेब बऱ्याचदा चुकतात.

शर्यतीच्या खेळात निवड अधिक सरळ असते, कारण तिथं शर्यत तुमच्यासमोर थांबून राहत नाही. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं. तिथली इंडियन डर्बी २४०० मीटरची, म्हणजे साधारण अडीच मिनिटांत खेळ खलास. घोडे पलीकडच्या अंगाला असताना दुर्बिणीचाच आधार. त्यामुळे विनिंग पोस्टच्या समोरची जागा मोलाची ठरते, कारण निकाल तिथंच लागतो आणि पैसेही तिथंच. मोटारींच्या शर्यतीत मात्र नेमका हाच हिशेब दगा देतो. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. ट्रॅक ५.१२५ किलोमीटरचा, फेऱ्या साठ, एका फेरीला जेमतेम दीड मिनिट. मुख्य स्टँडमध्ये बसणाऱ्याला सुरुवात, टायर बदलणं आणि शेवटचा झेंडा दिसतो. पण गाड्या समोरून जातात त्या नुसत्या सुसाट रेघा म्हणून. एकमेकांना मागं टाकायची झटापट होते ती लांब सरळ पट्टा संपून जोरात ब्रेक मारावा लागतो त्या वळणावर. बुद्धवर तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब पट्टा आहे आणि तो संपतो ते चौथं वळण. ज्याला शर्यत कळते तो तिथली जागा शोधतो. समारंभ बघायचा की झुंज, हे ठरलं की तिकीट ठरलं.

क्रिकेटमध्ये सगळा खेळ सतत डोळ्यांसमोर असतो. तुकडा निवडायचा नसतो, कोन निवडायचा असतो.

खेळपट्टी साधारण उत्तर-दक्षिण असते, सकाळ-संध्याकाळचा तिरपा सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. वानखेडेच्या दोन टोकांना टाटा एंड आणि गरवारे पॅव्हेलियन एंड म्हणतात. या दोन टोकांच्या मागं बसलात तर तुम्ही गोलंदाजाच्या हाताच्या रेषेत. चेंडू कुठल्या यष्टीवर पडला, किती आत आला, फिरकी किती वळली, पायचीतचं अपील खरं की उगाच, हे सगळं इथून वाचता येतं. डिसेंबर २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या एजाझ पटेलनं, म्हणजे मुंबईतच जन्मलेल्या मुलानं, वानखेडेवर ११९ धावांत डावातले सगळे दहा बळी घेतले. डावखुऱ्या फिरकीचा तो वळसा आणि हवेतून आत येऊन बाहेर जाणारा चेंडू समजायला टोकामागचीच जागा हवी होती. बाजूला बसलेल्याला फक्त चेंडू पडलेला आणि फलंदाज चुकलेला दिसला असणार.

म्हणूनच या जागा मानाच्या आणि बहुतेक वेळा महागाच्या. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. टीव्हीचा मुख्य कॅमेरा अगदी इथंच असतो. आयुष्यभर आपण क्रिकेट याच कोनातून पाहिलेलं आहे. त्यामुळे हजारो रुपये मोजून टोकामागं बसणाऱ्याला मिळतं ते टीव्हीचंच चित्र, थोडं लहान, समालोचनाशिवाय आणि रिप्लेसाठी मोठ्या पडद्याकडे मान वळवायला लावणारं. शिवाय साइटस्क्रीनच्या आसपास बसून वडापाव आणायला उठलात की फलंदाज हात वर करतो आणि सगळं मैदान तुमच्याकडे बघायला लागतं.

माझं मत विचाराल तर टीव्ही जे दाखवत नाही ते दाखवणारी जागा घ्यावी, आणि ती असते खेळपट्टीच्या काटकोनात, स्क्वेअरला. इथून रेषा दिसत नाही हे खरं. चेंडू ऑफला होता की लेगला, हे शेजाऱ्याला विचारत बसावं लागतं. पण टप्पा दिसतो, उसळी दिसते आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेग दिसतो. टीव्हीवर ताशी १४५ किलोमीटर हा आकडा असतो. स्क्वेअरला बसलं की कळतं, यष्टिरक्षक इतका लांब का उभा आहे आणि चेंडू तरीही त्याच्या छातीपर्यंत कसा चढतो. फलंदाज पुढं आला की मागं राहिला, ते टोकामागून नीटसं कळत नाही. इथून ते वीतभर पावलासकट समजतं. चोरटी धाव घ्यायला नॉनस्ट्रायकर किती पुढं सरकलाय, तेही.

शॉर्ट लेगचा क्षेत्ररक्षक फलंदाजाच्या किती अंगाशी उभा असतो, हेसुद्धा याच कोनातून पटतं. इथं एकनाथ सोलकरची आठवण निघणारच. वानखेडेपासून हाकेच्या अंतरावर, मरीन ड्राइव्हवर हिंदू जिमखाना आहे. सोलकरचे वडील तिथं मैदानाची देखभाल करायचे आणि कुटुंब मैदानातल्याच एका खोलीत राहायचं. पोरगा सामन्यांच्या वेळी धावफलकावर पाट्या बदलायचा. क्रिकेट बघायला याहून चांगली जागा मुंबईत कुणाला मिळाली असेल असं वाटत नाही. पुढे २७ कसोटींत त्यानं ५३ झेल घेतले, त्यातले कितीतरी शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय. वानखेडेवरच्या त्या पहिल्या कसोटीत शतकही ठोकलं, १०२ धावांचं.

आता उंची. सीमारेषेलगतच्या पहिल्या रांगा म्हणजे मोहाचा सापळा. खेळाडू जवळून दिसतो, बॅटचा आवाज ऐकू येतो, नशीब असेल तर सीमेवरचा क्षेत्ररक्षक हात हलवतो. पण डोळे मैदानाच्या पातळीला आले की खोली हरवते. समोरच्या बाजूला मारलेला उंच फटका झेल होणार की षटकार, याचा अंदाजच येत नाही; गर्दी ओरडली की आपण ओरडायचं. त्यात जाळी, जाहिरातींचे फलक आणि सुरक्षारक्षक. वरच्या मजल्यावर खेळाडू लहान दिसतात, पण मैदानाचा नकाशा उलगडतो. कर्णधारानं डीप पॉइंट काढून मिडविकेटला का नेला आणि पुढचा चेंडू आखूड का पडला, हे वरून दोन चेंडू आधीच कळायला लागतं. लहान मुलांना घेऊन जात असाल तर खाली बसा, त्यांना माणसं बघायची असतात. क्रिकेट बघायचं असेल तर वर जा.

ऊन हा मुंबईत दुय्यम मुद्दा नाही. स्टेडियमच्या पश्चिमेला समुद्र, पूर्वेला मरीन लाइन्स ते चर्चगेटचे रूळ. दुपारी सुरू होणाऱ्या एकदिवसीय सामन्यात रुळांकडच्या बाजूला बसणारा पश्चिमेकडे तोंड करून असतो. तीन ते सहा सूर्य त्याच्या थेट डोळ्यांत. समुद्राकडच्या बाजूचा माणूस त्याच वेळी सावलीत, पाठीवर वारा घेत बसलेला. साडेनऊला सुरू होणाऱ्या कसोटीत पहिले दीडदोन तास हे चित्र बरोबर उलटं. डिसेंबर-जानेवारीत आणखी एक गंमत होते. सूर्य दक्षिणेला कललेला असतो, डिसेंबरच्या शेवटाला तर भर दुपारीसुद्धा तो मुंबईत जेमतेम ४८ अंश वर येतो. त्यामुळे उत्तरेच्या टोकाला, दक्षिणेकडे तोंड करून बसणाऱ्याला तो दिवसभर सोडत नाही. पुनर्बांधणीत आलेलं कापडी छप्पर डोक्यावरचं ऊन अडवतं, खालून घुसणारं तिरपं ऊन नाही. आणि पुढच्या रांगांना तर छपराचा उपयोगच थोडा. तिकिटाच्या नकाशावर उत्तर दिशा कुठं आहे ते आधी शोधा, मग स्टँडचं नाव वाचा. संध्याकाळी साडेसातच्या टी-ट्वेंटीला यातलं काहीच लागू नाही, तिथं घामाचा प्रश्न सगळ्यांना सारखा.

टी-ट्वेंटीला खरं तर कोनाचाही फारसा आग्रह धरू नये. तिथं गोंगाट बघायला जायचं असतं, आणि गोंगाटासाठी नॉर्थ स्टँडला तोड नाही. घोषणा तिथं सुरू होतात आणि मैदानभर फिरून परत तिथंच येतात. खेळाडूंना टोमणे, जुन्या नायकांच्या नावाचा गजर, सीमेवरच्या परदेशी क्षेत्ररक्षकाशी अस्सल मुंबई हिंदीत संवाद. वानखेडेचा आवाज किती असतो याचा अधिकृत पुरावा २ एप्रिल २०११ चा आहे. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची नाणेफेक दोनदा करावी लागली, कारण संगकारानं काय मागितलं ते सामनाधिकाऱ्यांना ऐकूच आलं नव्हतं. त्याच रात्री कुलशेखराला मारलेला धोनीचा विजयी षटकार लाँग-ऑनच्या पलीकडे एमसीए पॅव्हेलियनच्या खुर्च्यांत पडला. मुंबई क्रिकेट असोसिएशननं २०२३ मध्ये ती जागा स्मारक म्हणून राखली. तिथं त्या दिवशी बसलेल्यांनी ती खुर्ची काही अभ्यास करून निवडली नव्हती, हेही खरंच.

पोहोचायचं कसं, यावर फार शाई खर्चायची गरज नाही. गिरगावकर चालत जातात आणि चालत घरी येतात, त्यांचा हेवा करावा तेवढा थोडा. दादर-प्रभादेवीहून येणाऱ्यांनी तिकिटावरचं प्रवेशद्वार आधी बघून मरीन लाइन्सला उतरायचं की चर्चगेटला, ते ठरवावं. चुकीच्या दारावर गेलात तर सगळ्या स्टेडियमला वळसा पडतो आणि तोवर दोन बळी जातात. परळ-लालबागकरांना सीएसएमटीहून पायपीट आहे, पण वाटेत आझाद मैदान आणि क्रॉस मैदान लागतं, म्हणजे मूळ सामन्याआधी आणखी चारदोन सामने फुकट. परतताना मरीन लाइन्सला उभं राहायलाही जागा मिळत नाही. दोन पावलं जास्त चालून चर्चगेटला गाडी पकडावी.

राहता राहिली सवय. कुठल्या कोनातून काय दिसतं हे वाचून पुरतं पटत नाही, आणि वानखेडेवर पाच हजारांचं तिकीट काढून प्रयोग करण्यात अर्थ नाही. रणजीच्या सामन्याला वानखेडेवर बहुधा फुकट सोडतात. मार्च २०२४ मध्ये मुंबईनं विदर्भाला हरवून ४२ वा रणजी करंडक जिंकला तो इथंच. तेव्हा जाऊन बघा. तेही जमत नसेल तर एखाद्या रविवारी सकाळी शिवाजी पार्कला जा. कट्ट्यावर बसलात की स्क्वेअरचा कोन आपसूक मिळतो. मग उठून गोलंदाजाच्या मागं, सीमेबाहेर जाऊन थोडी षटकं उभे राहा आणि दोन्हींतलं तुम्हाला काय जास्त आवडलं ते ठरवा. तिकीटविक्री सुरू होईल त्या दिवशी नकाशासमोर विचार करायला वेळ मिळणार नाही.