हिरड्यांतले रक्त आणि रक्तातली साखर



बैल विकत घेताना आपण त्याचे तोंड उघडून दात पाहतो. स्वतःच्या तोंडात मात्र ठणका लागल्याखेरीज डोकावत नाही. पायोरियाची लबाडी हीच, की तो बहुधा दुखत नाही. दात घासताना रक्त येते, तोंडाला वास येतो, हिरडी सुटते आणि एक दिवस दात हलू लागतो. "वय झाले" म्हणून आपण तो काढून टाकतो. मधुमेह असलेल्याला हे दुर्लक्ष दुप्पट महाग पडते. ते कसे, हे आज सांगण्याचा आमचा विचार आहे.

दातांवर सतत एक चिकट थर बसत असतो. तो जंतूंचाच असतो. घासून काढला नाही तर त्याचे कडक किटण होते, दात व हिरडी यांच्यामध्ये फट पडते आणि हवा न लागणाऱ्या त्या फटीत पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जंतू माजतात. बऱ्याच दातांभोवती असे झाले, तर आतल्या सुजलेल्या भागाची बेरीज आगपेटीच्या अंगाएवढी होऊ शकते. एवढी जखम पायाला असती, तर आपण केव्हाच दवाखाना गाठला असता!

या जखमेतून जंतू आणि सूज वाढवणारी द्रव्ये रक्तात उतरतात व इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. पाटाला पाणी भरपूर आहे, पण वाफ्याच्या तोंडाशी गाळ साचला, तर पीक तहानलेले राहते आणि पाट तुंबतो. तशी साखर रक्तातच अडकून राहते. उलट, वाढलेली साखर हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडवते, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना दुबळे करते, तोंड कोरडे पाडते. एक रोग दुसऱ्याला खतपाणी घालतो.

याचा मोठा अभ्यास झाला तो अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातील गिला नदीकाठच्या पिमा लोकांत. हे मूळचे कालव्यांवर शेती करणारे. एकोणिसाव्या शतकात वरच्या अंगाच्या वसाहतींनी नदीचे पाणी वळवले, शेती बसली, पुढे आहारही बदलला. जगात सर्वांत जास्त मधुमेह असणाऱ्यांत त्यांची गणना होऊ लागली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणे, त्यांच्यातील मधुमेहींना पायोरिया असण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ तिप्पट होती. १९९३ मध्ये हाराल्ड लोए या दंततज्ज्ञांनी पायोरियाला मधुमेहाचा 'सहावा उपद्रव' म्हटले.

पिमा लोक दूरचे, असे कोणी म्हणू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी मधुमेही निघाले. राज्यांत गोवा पहिला, २६.४ टक्के.

उपाय आहे. दंतवैद्याकडून किटण मुळापर्यंत खरवडून घेतल्यास साखरही थोडी उतरते. २०२२ साली कॉक्रेन संस्थेने ३५ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ टक्क्याने कमी भरली. म्हणजे ७.५ असेल तर ७.१ च्या आसपास. यामुळे मधुमेह बरा होत नाही. गोळ्या, इंजेक्शने आपल्या मनाने बंद करू नयेत.

मशेरीबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या पुष्कळ बायाबापड्या ती दात साफ करण्यासाठी लावतात, पण ती भाजलेली तंबाखूच होय. तिने हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती वेगळीच. बिडीने तर हिरडीतले रक्त येणे कमी होते, त्यामुळे रोग लपून वाढतो. निपाणी भागातल्या आमच्या तंबाखूवाल्या बांधवांना हे रुचणार नाही, तरी खरे ते हेच.

मऊ ब्रशने सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी घासावे, दातांच्या फटी साफ कराव्यात. दंतवैद्याला मधुमेह असल्याचे आधी सांगावे. त्यांनी वेगळे काही सांगितले नसेल, तर न्याहारी करून व नेहमीचे औषध घेऊनच जावे. उपाशी गेल्यास खुर्चीतच साखर उतरून घेरी येऊ शकते. घासताना रक्त दिसले म्हणून ब्रश सोडू नका. नीट घासत राहिल्यास साधी सूज आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही रक्त येत राहिले, तर फटीत किटण उतरले आहे असे समजून दंतवैद्य गाठावा.