चाकं नावापुरती, जमीन परक्याची

फ्लोरिडात कोणी ‘डबल-वाइड’ घर विकत घेतलं, की त्याच्या हाती मालकीचे दोन दाखले पडतात, घराच्या प्रत्येक अर्ध्या भागाचा एक. हे दाखले देतं ते गाड्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं. घर कारखान्यात दोन भागांत तयार होतं, ट्रकमागे बांधून रस्त्याने येतं, जागेवर पोचल्यावर दोन्ही भाग मधोमध सांधले जातात. जमीन भाड्याची असेल, तर सरकारी दप्तरात ते पुढेही वाहनच राहतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ट्रेलर पार्कांविषयीचा, म्हणजे अशा घरांच्या वस्त्यांविषयीचा, पहिला गैरसमज इथूनच निघतो: घराला चाकं आहेत, म्हणजे आत राहणारी माणसं फिरस्ती, आज इथे, उद्या तिथे.

प्रत्यक्षात कारखान्यापासून पहिल्या जागेपर्यंतचा प्रवास हाच बहुतेक घरांचा शेवटचा प्रवास असतो. जागेवर आलं की घर सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवतात. चाकं निघतात, पोलादी पट्ट्यांनी घर जमिनीत रोवलेल्या अँकरना बांधलं जातं, तळाची पोकळी ‘स्कर्टिंग’ लावून झाकतात, पाणी-वीज-सांडपाण्याच्या जोडण्या होतात. मग हळूहळू लाकडी पायऱ्या येतात, पडवी येते, गाडीसाठी पत्र्याची शेड येते. काही वर्षांनी हेच घर हलवायचं म्हटलं, तर पडवी तोडा, पट्टे कापा, रस्त्याचे परवाने काढा आणि हे काम करणारी टोळी बोलवा. खर्च पाच हजार डॉलरपासून सुरू होतो आणि डबल-वाइडसाठी पंधरा हजारांच्याही पुढे जातो. इतकं करून घर न्यायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. कारण ठरावीक वयापेक्षा जुनं घर अनेक पार्क आत घेत नाहीत.

फिरण्याचा काळ कधीतरी खराच होता. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरात ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही मोटारीने भटकणाऱ्यांची संघटना जन्मली. दुसऱ्या महायुद्धात अशा भटकंतीचे ट्रेलर कामगारांची घरं झाले. टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे, जिथे अणुबॉम्बसाठी युरेनियम तयार होत होतं, कामगारांच्या कुटुंबांसाठी ट्रेलरच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. १९५० च्या दशकात दहा फूट रुंदीची घरं बाजारात आली. रस्त्यावरून घर ओढत सुटीला जाण्याची कल्पना तिथेच संपली, कारण इतकं रुंद घर साध्या मोटारीमागे, परवान्याशिवाय नेताच येत नव्हतं. चाकं राहिली, पण घर पोचवण्यापुरती.

दुसरा समज असा, की हे म्हणजे पत्र्याचे डबे. जुन्या घरांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पातळ भिंती, ॲल्युमिनियमची तावदानं, उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात विजेचं न परवडणारं बिल, हे सगळं दक्षिणेतल्या हजारो कुटुंबांनी भोगलं आहे आणि काही आजही भोगताहेत. पण १५ जून १९७६ ही तारीख महत्त्वाची. त्या दिवसापासून कारखान्यात बनणाऱ्या प्रत्येक अशा घराला संघराज्य सरकारची बांधकाम आणि सुरक्षा मानकं लागू झाली. कायद्याच्या भाषेत त्याआधीचं घर ‘मोबाइल होम’ आणि नंतरचं ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’. आजच्या डबल-वाइडमध्ये तीन झोपायच्या खोल्या, दोन न्हाणीघरं आणि मोकळं स्वयंपाकघर असणं ही साधी गोष्ट आहे. २०२३ मध्ये नव्या कारखानी घराची सरासरी किंमत सुमारे १ लाख २४ हजार डॉलर होती, तर जागेवर बांधलेल्या नव्या घराची, जमिनीची किंमत वगळूनही, चार लाखांच्या आसपास. अमेरिकेत सुमारे दोन कोटी लोक अशा घरांत का राहतात, याचं मोठं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

२००५ च्या कॅट्रिना वादळानंतर लुइझियाना आणि मिसिसिपीत सरकारने आपद्ग्रस्तांना दिलेल्या ट्रेलरमध्ये फॉर्माल्डिहाइडच्या वाफांनी लोक आजारी पडले, ती बातमी जगभर गेली. त्यातले बहुतेक सुटीत वापरायचे छोटे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ होते. ते कायमच्या वस्तीसाठी बनवलेलेच नव्हते. कुटुंबांना त्यात महिनोन्महिने ठेवणं हा अन्याय होता, पण त्याचा डाग सरसकट सगळ्या कारखानी घरांवर बसला.

आणि राहतं कोण? चित्रपटांतून मनात ठसलेलं उत्तर असतं, गरीब गोरे, दारूच्या बाटल्या, अंगणात मोडकी गाडी. या लोकांसाठी इंग्रजीत ‘कचरा’ या अर्थाची एक शिवीच रूढ आहे आणि ती आजही बिनदिक्कत वापरली जाते. दक्षिणेतली खरी वस्ती पाहिली तर चित्र फार वेगळं दिसतं. उत्तर जॉर्जियातल्या गेन्सव्हिलच्या परिसरात कोंबड्यांच्या प्रक्रिया कारखान्यांत काम करणारी मेक्सिकन आणि ग्वाटेमालन कुटुंबं आहेत. उत्तर कॅरोलायनाच्या रोबेसन काउंटीत ‘लंबी’ जमातीचे आदिवासी आहेत. फ्लोरिडाच्या इमोकलीत टोमॅटो तोडणारे मजूर आहेत, जे घराचे मालक तर नाहीतच, पण एकेका ट्रेलरमध्ये दाटीने राहून माणशी भाडं मोजतात. त्याच फ्लोरिडात किनाऱ्यालगत पंचावन्नच्या पुढच्या वयाच्या लोकांसाठी राखीव पार्क आहेत, तिथे निवृत्त शिक्षिका आणि पोस्टमन शफलबोर्ड खेळतात. या सगळ्यांना एकाच शिवीत बसवणं म्हणजे त्यांच्यापैकी एकालाही न पाहणं.

सोन्या सॅलमन आणि कॅथरीन मॅकटाविश या संशोधिकांचं ‘सिंगलवाइड’ हे पुस्तक २०१७ मध्ये आलं. इलिनॉयमधला गोऱ्यांचा, न्यू मेक्सिकोतला हिस्पॅनिकांचा आणि उत्तर कॅरोलायनातला कृष्णवर्णीयांचा, असे तीन ग्रामीण पार्क त्यांनी अभ्यासले. उत्तर कॅरोलायनातल्या रहिवाशांचं आयुष्य पार्कच्या कुंपणात कोंडलेलं नव्हतं. त्यांचे नातेवाईक जवळपास होते, चर्च जवळ होतं, आणि माणसाची ओळख त्या गोतावळ्यावरून होत होती, घराच्या प्रकारावरून नव्हे. तिन्ही ठिकाणच्या कुटुंबांना मात्र एकच आशा होती: हा पहिला टप्पा, पुढे स्वतःच्या जमिनीवर पक्कं घर. फार थोड्यांना ते जमलं.

दक्षिणेतली बहुसंख्य कारखानी घरं पार्कात नाहीतच, हेही बाहेरच्यांना ठाऊक नसतं. ती खेड्यांत, शेताच्या कडेला, आजीच्या घरामागे असतात. कॅरोलायनांत आणि अलाबामात कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन आजोबा-पणजोबांच्या नावावर, वाटण्या न होता राहिली आहे. तिच्यावर बँक कर्ज देत नाही. मग नातवाने संसार थाटायचा तर एकाच भागाचं ‘सिंगल-वाइड’ घर आणून टाकणं हाच मार्ग उरतो.

पार्कातला शेजार कसा असतो? घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. भिंत सामाईक नसते, डोक्यावर कोणाची पावलं वाजत नाहीत, आणि फ्लॅट सोडून इथे आलेले बरेच जण पसंतीचं पहिलं कारण हेच सांगतात. टपालाच्या पेट्या बहुधा फाटकाशी एकत्र, शाळेची बसही तिथेच थांबते. त्यामुळे गप्पांची जागा आपोआप ठरते. ज्या गावात सार्वजनिक बस नाही, तिथे गाडी बंद पडली म्हणजे नोकरी गेली. म्हणून शेजारी गाडी दुरुस्त करतो, शेजारीण रात्रपाळीवाल्यांची मुलं सांभाळते, चर्चला जाणारी एक गाडी चार घरांना नेते. भांडणंही होतात, कुत्र्यांवरून, मोठ्या आवाजातल्या गाण्यांवरून. शिवाय गवत किती वाढू द्यायचं, स्कर्टिंग कुठल्या रंगाचं लावायचं, पाहुणा किती दिवस ठेवायचा, याचे पार्कचे नियम असतात. स्वतःच्या घराच्या मालकाला असे नियम सांगितले जातात, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. ही माणसं कर भरत नाहीत, असंही म्हटलं जातं. फ्लोरिडात भाड्याच्या जमिनीवरच्या घराला दरवर्षी शुल्क भरून सरकारी स्टिकर घ्यावा लागतो, आणि जमिनीचा कर तर जागेच्या भाड्यातून रहिवाशांच्याच खिशातून जातो.

सर्वांत हट्टी समज टोर्नेडोचा. टोर्नेडो म्हणे ट्रेलर पार्क शोधत येतात. अमेरिकेत हे विनोद म्हणून सांगतात, आणि त्या विनोदाखाली खरी माणसं गाडली जातात. ३ मार्च २०१९, रविवारची दुपार. अलाबामाच्या ली काउंटीतल्या ब्युरेगार्ड या ग्रामीण भागावर ताशी सुमारे १७० मैल वेगाचा टोर्नेडो आला. २३ जण गेले आणि त्यांतले १९ जण कारखानी घरांत होते. पण तिथे मोठा ट्रेलर पार्क नव्हता. घरं रस्त्यांलगत, झाडीत, आपापल्या जागेवर विखुरलेली होती. नंतरच्या पाहणीत अनेक घरांचे अँकर अपुरे किंवा चुकीचे निघाले, काही ठिकाणी तर नव्हतेच.

यामागची कारणं अगदी जमिनीवरची आहेत. देशातल्या अशा घरांपैकी निम्म्याहून अधिक दक्षिणेत आहेत. दक्षिणेत रात्री येणाऱ्या टोर्नेडोंचं प्रमाण मोठं, आणि टेकड्या व दाट झाडीमुळे दिवसाही वादळ येताना दिसत नाही. घरं विखुरलेली असल्यामुळे सगळ्यांना मिळून एक निवारा बांधणं अवघड. त्यात घर कारखान्यात कसं बांधायचं हे संघराज्य सरकारने ठरवलं, तरी ते जागेवर कसं बसवायचं हे बरीच वर्षं राज्यांवर सोडलेलं होतं. मजबूत भिंतींचं घर सैल अँकरवर उभं असेल तर ते अख्खंच्या अख्खं उलटतं.

नियम कडक केले की जीव वाचतात, याचा पुरावा फ्लोरिडानेच दिला आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने मायामीच्या दक्षिणेकडची मोबाइल होम जवळजवळ सगळी नष्ट केली. त्यानंतर १९९४ मध्ये किनारी भागांसाठी वाऱ्याची मानकं वाढवण्यात आली. २००४ मध्ये चार्ली वादळ आलं, तेव्हा नव्या मानकांनुसार बांधलेली आणि नीट बसवलेली घरं जुन्यांच्या मानाने कितीतरी चांगली तगली. ही वाढीव मानकं मात्र किनाऱ्यापुरती आहेत. ब्युरेगार्ड त्यांच्या बाहेर, सर्वांत कमी वाऱ्याच्या विभागात मोडतं. टोर्नेडोच्या इशाऱ्यानंतर अशा घरात थांबू नका, नवं असलं तरी नको, असा राष्ट्रीय हवामान सेवेचा सल्ला आहे. मग जायचं कुठे? बहुतेकांसाठी उत्तर असतं विटांच्या घरात राहणारा शेजारी, किंवा चर्चचं तळघर. मध्यरात्री कोण कोणाला फोन करून उठवतं, यावर तिथे जीव अवलंबून असतो.

या घरांची किंमत घटतच जाते, हा समज अर्धा खरा आहे. घरमालकाची स्वतःची जमीन असेल आणि घर तिच्यासह स्थावर मालमत्ता म्हणून नोंदलेलं असेल, तर त्याचं मोल इतर घरांसारखंच वाढतं, असं संघराज्याच्या गृहकर्ज नियामक संस्थेच्या आकडेवारीतून दिसलं आहे. घर स्वतःचं पण जमीन दुसऱ्याची, तिथे घसरण. मुंबईत सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर ज्यांची सोसायटी उभी आहे, त्यांना ही धाकधूक वेगळी समजावून सांगायला नको. परक्या जमिनीवरच्या अशा घराला कर्जही वाहनासारखं मिळतं, म्हणजे चढ्या व्याजाचं आणि कमी मुदतीचं.

घर हलवता येत नाही, हे जमीनमालकाला पक्कं माहीत असतं. भाडं वाढलं तर रहिवासी मुकाट भरतो, नाहीतर घर आहे तिथे सोडून जातो. मोठ्या पैशाला या धंद्याचा वास लागला तो यामुळेच. वॉरेन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २००३ मध्ये टेनेसीतली क्लेटन होम्स ही घरं बनवणारी कंपनी १.७ अब्ज डॉलरला घेतली. ती घरंही विकते आणि त्यांसाठी कर्जही देते. पार्कांच्या जमिनींत तर सिंगापूर सरकारच्या गुंतवणूक निधीचाही पैसा आहे. एस्थर सलिव्हन ही समाजशास्त्रज्ञ फ्लोरिडात आणि टेक्सासमध्ये बंद होऊ घातलेल्या पार्कांत स्वतः राहिली आणि २०१८ मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिलं. बाहेर पडण्याची नोटीस आली तेव्हा तिचे शेजारी वर्षानुवर्षं तिथे मुरलेले होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मायामीजवळच्या स्वीटवॉटर शहरात ‘लिल ॲबनर’ या पार्कमधल्या नऊशेहून अधिक घरांना अशीच नोटीस आली. मे २०२५ पर्यंत जागा रिकामी करा. जानेवारीअखेर निघणाऱ्याला १४ हजार डॉलर, पुढे निघणाऱ्याला कमी कमी. राहणारे बहुतेक क्यूबन आणि मध्य अमेरिकी. कित्येकांनी आयुष्याची बचत त्या घरात घातलेली. तेवढ्या पैशात मायामीत काही महिन्यांचं भाडंही जेमतेम निघतं.

वेगळं घडू शकतं. पाम बीच काउंटीत समुद्राला लागून असलेल्या ब्रायनी ब्रीझेसच्या रहिवाशांनी १९५८ मध्ये पार्कची जमीन एकत्र येऊन विकत घेतली आणि १९६३ मध्ये त्याचं रीतसर गाव झालं. २००७ मध्ये एका विकासकाला ५१ कोटी डॉलरला ते विकायला बहुमताने होकारही दिला गेला, व्यवहार फिसकटला आणि मोबाइल होम आजही समुद्रासमोर उभी आहेत. तिथे विकायचं की नाही, हे रहिवाशांनी मतदानाने ठरवलं. उत्तरेकडे न्यू हॅम्पशायरमध्ये १९८४ पासून रहिवाशांच्या सहकारी संस्था पार्क विकत घेत आल्या आहेत, आणि आता देशभर असे शेकडो पार्क आहेत. दक्षिणेत मात्र ते मोजकेच. फ्लोरिडाच्या कायद्यात रहिवाशांच्या संघटनेला तशी वाट ठेवली आहे: मालकाने पार्क विक्रीला काढला, तर त्याच किमतीला आणि अटींवर तो घेण्यासाठी त्यांना ४५ दिवस मिळतात. पण ग्राहक आपणहून मालकाकडे आला असेल, तर संघटनेला फक्त कळवायचं. त्यांना विकण्याचं बंधन मालकावर राहत नाही.