गुन्हा घडण्याआधीचा डिटेक्टिव्ह

दोस्तांनो, डिटेक्टिव्ह म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पाठलाग, वेषांतर आणि शेवटी हातकड्या! १९८६ साली मुंबईचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी गोव्यात पर्वरीच्या एका हॉटेलात चार्ल्स शोभराजला पकडलं, तेव्हा पेपरांत केवढी मोठी बातमी झाली! पण काही डिटेक्टिव्हांचं काम फत्ते झालं, तर बातमीच येत नाही. कारण गुन्हा घडतच नाही.

त्यांचं काम म्हणजे धोक्याचा अंदाज घेणं. शिवाजी पेठेतल्या पोरांना हे चटकन कळेल. शड्डू ठोकणारा प्रत्येक जण डाव टाकतोच असं नाही. आणि डाव टाकणारा आधी शड्डू ठोकेलच, असंही नाही! फुटबॉलची मॅच हरल्यावर ‘बघून घेतो तुला’ असं कोण म्हणत नाही? दुसऱ्या दिवशी सगळे एकत्र मिसळ खातात. पण एखादा कुठं, कधी, कशानं हे ठरवू लागला, तर मात्र सावध व्हायचं.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९९० साली यासाठी खास पथक काढलं. आदल्याच वर्षी एका माथेफिरू चाहत्यानं एका तरुण अभिनेत्रीचा खून केला होता. त्याआधी तो तिला पत्रं पाठवत असे. पुढं २००२ साली तिथल्या सीक्रेट सर्व्हिसनं आणि शिक्षण खात्यानं शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचातल्या चार हल्ल्यांची कुणाला तरी आधीच कुणकुण होती. कुणाला? बहुतेक वेळा मित्रांना, वर्गातल्या मुलांना, भावंडांना! हल्ला करणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतःही छळ सोसला होता.

आता दुसरी बाजू. पोलिसालाही मन असतं बरं का! अपघात, खून, मिरवणुकीचा रात्रभर बंदोबस्त... ‘साहेब, मला झोप लागत नाही’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून अनेक देशांत पोलिसांपैकीच काही जणांना सहकाऱ्यांचं ऐकून घ्यायचं शिक्षण देतात. हा जोडीदार उपदेश करत नाही. तो ऐकतो, आणि गरज पडली तर डॉक्टरकडे घेऊन जातो.

ही दोन्ही कामं तुम्हीही करू शकता. मित्र एकटा एकटा राहतोय, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायचं बोलतोय? आधी त्याचं ऐका. मग आई-बाबांना, बाईंना किंवा सरांना सांगा. ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ त्यानं घातली असली, तरी सांगा. ही चहाडी नव्हे. चहाडी करतात ती कुणाला तरी मार बसावा म्हणून. हे सांगायचं ते कुणाला इजा होऊ नये म्हणून. तो रागावेल, कदाचित आठ दिवस बोलणार नाही. चालेल! तो सुखरूप असला, की पुन्हा बोलेलच.

जवळ मोठं कुणी नसेल तर मुलांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी १४४१६ आणि तातडीच्या वेळी ११२ हे नंबर आहेत. वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.