केनियातील सत्ता-विकेंद्रीकरण : सिनेटची देखरेख आणि राष्ट्रीय–काउंटी सहकार्य

प्रस्तावना

सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणजे वरच्या शासनाने आपली काही कामे खालच्या शासनाकडे सोपविणे, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. परंतु सोपविलेले काम केव्हाही परत घेता येते. संविधानाने थेट दिलेला अधिकार तसा काढून घेता येत नाही. हा दुसरा प्रकार स्वीकारणाऱ्या देशांपुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. स्थानिक शासन जर स्वतःच्या मतदारांना उत्तरदायी असेल, तर त्याच्या खर्चावर राष्ट्रीय कायदेमंडळाने देखरेख का ठेवावी, आणि ठेवावयाची तर कोठपर्यंत? केनियाच्या 2010 च्या संविधानाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याचा आणि व्यवहारात त्याचे जे झाले त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

1963 साली स्वतंत्र झालेल्या केनियाच्या पहिल्या संविधानात प्रादेशिक शासने आणि त्यांचे प्रतिनिधित्व करणारे सिनेट यांची तरतूद होती. ‘माजिंबो’ या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था लवकरच मोडीत निघाली. पुढील काही वर्षांत प्रादेशिक शासनांचे अधिकार काढून घेण्यात आले आणि सिनेटही कनिष्ठ सभागृहात विलीन झाले. त्यानंतर चार दशके जिल्ह्यांचा कारभार नैरोबीहून नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. साधनसंपत्तीच्या विषम वाटपाविषयीचा असंतोष 2007 च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराच्या मुळाशी होता, असे अनेक अभ्यासक मानतात. 27 ऑगस्ट 2010 रोजी अमलात आलेले संविधान या अनुभवातून घडले.

घटनात्मक रचना

या संविधानाने 47 काउंटी शासने निर्माण केली. प्रत्येक काउंटीत थेट निवडून आलेला गव्हर्नर आणि निर्वाचित काउंटी सभा असते. कलम 6 नुसार शासनाचे दोन्ही स्तर स्वतंत्र असूनही परस्परावलंबी आहेत आणि त्यांनी सल्लामसलत व सहकार्य यांच्या आधारे व्यवहार करावयाचा आहे. आरोग्यसेवेचा मोठा भाग, कृषी, काउंटी रस्ते यांसारखे विषय चौथ्या परिशिष्टाने काउंट्यांकडे दिले. कलम 203 नुसार राष्ट्रीय महसुलाचा किमान 15 टक्के हिस्सा काउंट्यांना मिळालाच पाहिजे.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. हे 15 टक्के चालू वर्षाच्या महसुलावर मोजले जात नाहीत. ज्या अलीकडच्या वर्षाच्या लेखापरीक्षित हिशेबांना राष्ट्रीय सभेने मान्यता दिली असेल, त्या वर्षाच्या महसुलावर ते मोजले जातात. म्हणजेच सभागृहाने हिशेब तपासण्यात दिरंगाई केली, तर जुनाच आकडा आधारभूत राहतो आणि काउंट्यांना मिळणारी किमान हमी प्रत्यक्षात आक्रसते. कायदेमंडळाची देखरेख ही केवळ नैतिक जबाबदारी नसून तिचा थेट आर्थिक परिणाम होतो, हे यावरून स्पष्ट होते.

सिनेटची भूमिका

सिनेटमध्ये 47 निर्वाचित सदस्यांसह एकूण 67 सदस्य व सभापती असतात. काउंट्यांशी संबंधित विधेयकांवर प्रत्येक काउंटीच्या प्रतिनिधिमंडळाला एकच मत असते. कलम 96 ने सिनेटला काउंट्यांचे हितरक्षण करण्याचे, त्यांच्यात महसूल वाटून देण्याचे आणि त्या महसुलाच्या विनियोगावर देखरेख ठेवण्याचे काम दिले आहे. काउंट्यांच्या वतीने भांडणारे आणि काउंट्यांचीच झडती घेणारे असे हे एकच सभागृह आहे. पुढील बहुतेक वाद या दुहेरी भूमिकेतून निर्माण झाले.

पहिला वाद सिनेट व राष्ट्रीय सभा यांच्यातला होता. 2013 मध्ये महसूल विभागणी विधेयक सिनेटच्या संमतीविना राष्ट्राध्यक्षांकडे पाठविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2013 मधील सल्लात्मक मतात अशा विधेयकात सिनेटचा सहभाग अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले.

दुसरा वाद सिनेट व गव्हर्नर यांच्यातला. काही गव्हर्नरांनी सिनेटच्या समितीपुढे साक्षीस येण्यास नकार दिला. कलम 226 नुसार काउंटीचा लेखाधिकारी काउंटी सभेला उत्तरदायी आहे, सिनेटला नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. 2014 मध्ये उच्च न्यायालयाने सिनेटचा समन्स काढण्याचा अधिकार मान्य केला. त्याच वर्षी सिनेटरांच्या अध्यक्षतेखाली काउंटी विकास मंडळे स्थापन करणारा कायदा करण्यात आला. देखरेख ठेवणाऱ्यानेच नियोजनात बसावे, ही कल्पना न्यायालयांनी अमान्य केली. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष कायम ठेवला. देखरेखीची पहिली पायरी काउंटी सभा आणि दुसरी सिनेट, अशी द्विस्तरीय मांडणी या निर्णयामुळे प्रस्थापित झाली.

देखरेखीचे अंतिम शस्त्र म्हणजे गव्हर्नरांना पदावरून दूर करणे. काउंटी सभेने ठराव करावा आणि सिनेटने चौकशी करून निर्णय द्यावा, अशी त्याची पद्धत आहे. 2020 मध्ये किआंबू व नैरोबी या काउंट्यांचे गव्हर्नर या मार्गाने पदच्युत झाले.

सहकार्याची यंत्रणा आणि तिची कसोटी

2012 च्या आंतरशासकीय संबंध कायद्याने राष्ट्राध्यक्ष व सर्व गव्हर्नर यांची शिखर परिषद आणि गव्हर्नरांचे मंडळ यांची तरतूद केली. वाद न्यायालयात नेण्यापूर्वी चर्चेने सोडविण्याचा प्रयत्न करणे बंधनकारक आहे. परंतु यंत्रणा असणे आणि सहकार्य घडणे या भिन्न गोष्टी आहेत.

वैद्यकीय उपकरणे भाड्याने घेण्याची योजना हे याचे बोलके उदाहरण ठरावे. 2015 मध्ये राष्ट्रीय आरोग्य मंत्रालयाने खासगी कंपन्यांशी करार करून प्रत्येक काउंटीतील दोन रुग्णालयांना उपकरणे पुरविण्याचे ठरविले. आरोग्यसेवा काउंट्यांकडे असूनही करार राष्ट्रीय स्तरावर झाले आणि भाडे काउंट्यांसाठीच्या सशर्त अनुदानातून परस्पर वळते होऊ लागले. प्रत्येक काउंटीमागे वार्षिक 9.5 कोटी शिलिंग असलेली ही रक्कम पुढे 20 कोटींवर गेली. सिनेटच्या विशेष समितीच्या चौकशीत, वीज, पाणी किंवा तज्ज्ञ कर्मचारी नसल्याने अनेक ठिकाणी उपकरणे पडून असल्याचे निदर्शनास आले. काउंटीची खरी गरज विचारली गेली असती, तर रुग्णांच्या वाट्याला आलेली ही विटंबना टळली असती. ही चौकशी महत्त्वाची होती, कारण तिचा रोख काउंट्यांइतकाच राष्ट्रीय मंत्रालयाकडेही होता.

पैशाच्या प्रश्नावर मात्र ताण कायम राहिला. 2020 मध्ये वाटपाच्या नव्या सूत्रावर सिनेटमध्ये अनेक महिने कोंडी झाली. 2024 मध्ये वित्त विधेयक मागे घेतल्यावर काउंट्यांचा मंजूर 400.1 अब्ज शिलिंगांचा वाटा 387.4 अब्जांवर आणण्यात आला. अशा वेळी वेतन व औषधपुरवठा रखडतो आणि त्याची झळ प्रथम स्थानिक नागरिकास बसते.

भारतीय संदर्भ

73 व्या व 74 व्या घटनादुरुस्तीने भारतात स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. तथापि कोणते अधिकार द्यावयाचे हे राज्य विधिमंडळावर सोपविले गेले. महाराष्ट्र विधान परिषदेच्या 78 पैकी 22 जागा स्थानिक प्राधिकारी मतदारसंघांतून भरल्या जातात. परंतु निधीवाटपात त्या सभागृहास सिनेटसारखे स्थान नाही. विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्हा परिषदांचे लेखापरीक्षण अहवाल तपासते व अधिकाऱ्यांच्या साक्षी नोंदविते. तेथे प्रामुख्याने उत्तर देतो तो राज्य शासनाने नेमलेला मुख्य कार्यकारी अधिकारी. त्यामुळे केनियात निर्वाचित गव्हर्नरास बोलावण्यावरून जो संघर्ष झाला, तसा येथे सहसा होत नाही. परंतु त्याचे कारण स्वायत्ततेचा आदर हे नसून तिची मर्यादा हे आहे. 2022 नंतर निवडणुका लांबल्याने महाराष्ट्रातील अनेक स्थानिक संस्था काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात देखरेखीची पहिली, म्हणजे निर्वाचित स्थानिक सभेची, पायरीच नाहीशी झाली होती.

समारोप

केनियाच्या अनुभवावरून तीन निष्कर्ष काढता येतील. पहिला, देखरेख आणि नियोजन एकाच हाती असू नये. दुसरा, वरच्या सभागृहाची देखरेख स्थानिक सभेच्या देखरेखीला पूरक असावी, पर्यायी नव्हे. तिसरा, निधी वेळेवर देण्याची जबाबदारी राष्ट्रीय शासनावर असल्याने हिशेब विचारण्याचा न्याय दोन्ही स्तरांना सारखाच लागू व्हावा. खालच्या शासनालाच सतत जाब विचारणारी व्यवस्था विकेंद्रीकरणाच्या नावाखाली जुने केंद्रीकरणच पुन्हा आणते. स्वायत्तता आणि उत्तरदायित्व यांचा हा तोल संविधानाच्या एका कलमाने कायमचा साधला जात नाही; दर वर्षीच्या अर्थसंकल्पात तो नव्याने साधावा लागतो.