यंत्र बंद, तार तशीच

वरचे दात काढल्यावर जबड्याला डायथर्मीचा शेक दिला, एवढेच निमित्त. रुग्णाला कंपवात होता आणि त्यासाठी मेंदूत उत्तेजक यंत्राच्या तारा बसवलेल्या होत्या. शेक मिळाला जबड्याला, इजा झाली खोल मेंदूत, नेमकी तारांच्या टोकांभोवती. 2001 मध्ये 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकाने ही हकिगत छापली. डायथर्मीच्या रेडिओलहरी तारेने अँटेनासारख्या ओढून घेतल्या होत्या. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा दोन मृत्यूंची नोंद करून जाहीर इशारा दिला.

अपस्माराच्या यंत्रांनाही तोच लागू. त्यांतले जुने नाव व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर. माणसात ते प्रथम 1988 मध्ये बसवले गेले, अमेरिकेत मान्यता मिळाली 1997 मध्ये. डाव्या कॉलरबोनखाली एक चकती आणि तिथून कातडीखालून मानेतल्या व्हेगस मज्जातंतूपर्यंत गेलेली तार. साधारणपणे 30 सेकंद विद्युतस्पंद, मग पाच मिनिटे विश्रांती.

रुग्णाजवळ एक लोहचुंबक असतो. फिट येतेय असे वाटले की तो चकतीवरून फिरवायचा. जादा स्पंद मिळतो. तोच चकतीवर धरून ठेवला तर यंत्र गप्प होते. पेसमेकरवर चुंबक ठेवला तर तो सहसा बंद पडत नाही, ठरलेल्या गतीने चालत राहतो. दोन्ही चकत्या छातीतच असल्याने गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

व्हेगसची एक शाखा स्वरयंत्राला जाते. म्हणून स्पंद सुरू झाला की अनेकांचा आवाज घोगरा होतो. भूल दिलेली असताना मात्र हे घोगरेपणावर थांबतेच असे नाही: स्वरतंतू जवळ येऊन दर थोड्या वेळाने श्वास अडल्याचे अनुभव भूलतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. कारण ठाऊक नसेल तर दोष श्वासासाठी घातलेल्या नळीला दिला जाणार!

शस्त्रक्रियेत विजेने रक्त थांबवायला बायपोलर कॉटरी बरी, तिचा प्रवाह चिमट्याच्या दोन टोकांतच राहतो. मोनोपोलर लागलीच, तर प्रवाह परत नेणारी प्लेट अशा जागी लावायची की प्रवाहाच्या वाटेत चकती येणार नाही. एमआरआय म्हणजे तर अवाढव्य चुंबकच. तिथे नेहमीचे स्पंद आणि चुंबकाने सुरू होणारा जादा स्पंद, दोन्ही प्रोग्रॅमरने आधी शून्यावर आणावे लागतात. शरीराच्या कोणत्या भागाचे स्कॅन चालेल, हे यंत्राच्या मॉडेलप्रमाणे बदलते. काम झाल्यावर यंत्र पूर्ववत सुरू करून तपासायचे. राहून गेले तर घरी गेल्यावर फिट येऊ शकते.

कधी चकती काढतात, पण मज्जातंतूला चिकटून बसलेली तार आतच ठेवतात. बॅटरी नाही, यंत्र नाही, तरीही डायथर्मीची बंदी कायम. गुडघा दाखवायला फिजिओथेरपिस्टकडे गेलेल्या माणसाला मात्र मानेतली ती जुनी तार सांगण्यासारखी वाटतेच असे नाही.