न पळता लागलेली धाप

खो-खोच्या सामन्यात कधीतरी मैदानाकडे पाठ फिरवून प्रेक्षकांकडे पाहावं. पळणारी पोर खांबाला वळसा घालायला झुकते आणि चुन्याच्या रेषेबाहेर उभी असलेली दहा-बारा माणसंही तिच्यासोबत झुकतात. तिनं हुलकावणी दिली की यांचे खांदे हलतात. पाठलाग करणारीनं सूर मारला की यांचं पोट आत जातं. यांच्यातलं कुणी एक पाऊलही पळालेलं नसतं, तरी नऊ मिनिटांची पाळी संपली की गमछे आणि रुमाल कपाळावर येतात. त्यात धाराशिवच्या उन्हाचाही हात आहे, हे मान्य. पण सगळं उन्हावर ढकलता येत नाही.

कॉलेजचा संघ हरला की हीच माणसं खरोखर हरल्यासारखी वागतात. चाल मंदावते, चहा बेचव लागतो, गाडीला किक मारायचाही कंटाळा येतो. खेळलेल्या पोरी तोवर हातपाय धुऊन डबे उघडून बसलेल्या असतात. काठावरचा गडी मात्र अजून तिथंच: "पहिल्या तुकडीनंच घात केला बघा. पोल सोडून चौकात कशाला यायचं?" हे दुःख येतं कुठून? पदक गेलं ते त्याचं नव्हतं, खरचटलेला गुडघाही त्याचा नव्हता.

हा प्रश्न तुळजापुरात विचारायला कारण आहे. भवानीच्या या गावाला खो-खोवाले आणखी एका नावानं ओळखतात. 2020 मध्ये सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या. खो-खोला हा पुरस्कार तब्बल 22 वर्षांनी मिळत होता. 2016 मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो पहिल्यांदा आला आणि भारताच्या मुलींनी सुवर्ण जिंकलं, त्या संघाच्या त्या कर्णधार. घरची परिस्थिती अशी की कित्येक वर्षं एकवेळच्या जेवणावर काढली, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. पुढं जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, त्या संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती. ज्या जिल्ह्यात घराघरात कुणीतरी कधीतरी खांबाभोवती पळालेलं आहे, तिथं काठावरचा माणूस नुसता बघ्या नसतो. सगळी गंमत इथूनच सुरू होते.

रोममधल्या साल्व्हातोरे आल्योती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मला तो क्रीडाविज्ञानातला सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो. त्यांनी तीन प्रकारची माणसं घेतली: कसलेले बास्केटबॉल खेळाडू, मग हा खेळ आयुष्यभर पाहिलेले प्रशिक्षक नि क्रीडा पत्रकार, आणि खेळाशी काही संबंध नसलेले लोक. सगळ्यांना बास्केटच्या दिशेनं चेंडू फेकणाऱ्या माणसाची चित्रफीत दाखवली आणि ती मध्येच, वेगवेगळ्या क्षणी थांबवली. सांगा, चेंडू जाळीत पडणार की नाही? खेळाडूंनी इतर दोघांच्या आधी आणि जास्त अचूक सांगितलं, तेही चेंडू हातातून सुटायच्या आत! ते चेंडू पाहतच नव्हते, फेकणाऱ्याचं शरीर वाचत होते.

पुढचा भाग त्याहून विलक्षण. पाहणाऱ्याच्या डोक्यावरून चुंबकीय स्पंद देऊन, मेंदूचा जो भाग हाताला हुकूम सोडतो तो त्या क्षणी किती सज्ज आहे, हे मोजता येतं. फेक पाहताना खेळाडू आणि प्रशिक्षक-पत्रकार या दोघांचाही हा भाग जागा होत होता. हात मांडीवर स्वस्थ, पण आत फेकायची तयारी चाललेली. चुकणारी फेक मात्र फक्त खेळाडूंच्याच स्नायूंनी वेगळी ओळखली, चेंडू बोटांवरून निसटण्याच्या नेमक्या क्षणी. दुसऱ्याची चूक त्यांना आपल्या करंगळीच्या स्नायूत कळत होती.

आता तो चुन्याच्या रेषेबाहेर झुकणारा माणूस पुन्हा पाहा. वीस वर्षांपूर्वी तो तालुक्यासाठी पळालेला असेल तर पोरगी खांबाकडे वळताना कोणता पाय चुकीचा टाकतेय, हे तिच्या आधी त्याच्या शरीराला कळलेलं असतं. ‘आरं आरं आरं!’ हे ती बाद व्हायच्या आधीच तोंडातून निघतं ते त्यामुळं. पंचाची शिट्टी त्याच्या दृष्टीनं शिळी बातमी.

हे झालं एकट्याचं. गर्दीचं निराळंच. स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके या गावात दरवर्षी लोक निखाऱ्यांवरून चालतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या चालणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्यांच्या छातीवर यंत्रं लावून ठोके मोजले. चालणाऱ्याचे नातेवाईक आणि मित्र नुसते उभे होते, पण त्यांच्या ठोक्यांची चढउतार चालणाऱ्याच्या चढउताराशी जुळलेली निघाली. बाहेरून आलेल्या अनोळखी पाहुण्यांची जुळली नाही. हा अभ्यास करणाऱ्या संशोधकांतल्या दिमित्रिस झिगालातास यांनी पुढं अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठाच्या बास्केटबॉल चाहत्यांवर यंत्रं लावली, तर मैदानात एकत्र बसलेल्यांची हृदयं टीव्हीपुढं बसलेल्यांपेक्षा जास्त एका तालात धडधडत होती. अश्विन पौर्णिमेला सोलापूरच्या वाटेनं रात्रभर चालत येणारी गर्दी ज्यांनी पाहिलीय, संबळ वाजायला लागल्यावर थकलेले पाय कसे उचलले जातात हे ज्यांना ठाऊक आहे, त्या तुळजापूरकरांना यात नवल वाटणार नाही. यंत्र लावून ते दिसतं, याचं मात्र वाटावं.

म्हणजे शेवटची शिट्टी वाजते तेव्हा काठावरचा माणूस शरीरानं कधीच संघात सामील झालेला असतो. निकाल लागतो तो त्याचाही. अगदी रक्तात लागतो. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात चाहत्यांची लाळ सामन्याआधी आणि नंतर तपासली होती. एक सामना जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक या कॉलेजांमधला बास्केटबॉलचा, दुसरा 1994 च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम, ब्राझील विरुद्ध इटली. जिंकलेल्या बाजूच्या पुरुष चाहत्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं, हरलेल्यांचं घसरलं. फुटबॉलवाल्यांनी तर सामना टीव्हीवर पाहिला होता. मोजकी माणसं होती, तेव्हा फार ताणू नये. पण इंडियाना विद्यापीठात एडवर्ड हर्ट यांनी 1992 मध्ये जे दाखवलं ते याच दिशेचं आहे. त्यांनी कॉलेजच्या पोरांना आपल्या संघाचा बास्केटबॉल सामना दाखवला आणि नंतर, जणू काही संबंधच नाही अशा थाटात, विचारलं: शब्दकोडी किती सोडवाल? नेम किती अचूक धराल? या फोटोतली व्यक्ती तुमच्यासोबत फिरायला येईल का? संघ हरलेला पाहिलेल्या पोरांनी या सगळ्यांत स्वतःला कमी लेखलं. हरला संघ आणि आत्मविश्वास गेला यांचा, तोही फिरायला जाण्याबाबतचा! बेचव चहाचं कोडं इथं सुटतं, असं मला वाटतं.

यातून सुटायच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही आपण रोज पाहतो. पहिली, अंग काढून घेणं. रॉबर्ट चाल्दिनी यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात अमेरिकी विद्यापीठांत, फुटबॉल सामन्यानंतरच्या सोमवारी, वर्गात कोण काय घालून आलंय हे नुसतं मोजलं. संघ जिंकला की कॉलेजचं नाव छापलेले शर्ट वाढत, हरला की कपाटात जात. फोनवर सामन्याबद्दल विचारलं की जिंकलेल्या सामन्यात ‘आम्ही’ जास्त, हरलेल्यात ‘ते’. दुसरी वाट म्हणजे पंच. "खो मिळायच्या आधीच ती उठली होती. फाऊल होता तो. पंचाला दिसलं नाही का?" खो-खोत हा वाद कधीच संपत नाही. आठ जणी बसलेल्या, एक धावतेय, खो आणि उठणं यांत डोळ्याचं पातं लवण्याएवढं अंतर. बरं, बोलणारा खोटं बोलत नसतो. 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमाउथ या कॉलेजांचा फुटबॉल सामना फार आडदांड झाला, एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही कॉलेजांच्या पोरांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमाउथचे जेवढे नियमभंग दिसले, ते डार्टमाउथच्या पोरांना दिसले त्याच्या दुपटीहून जास्त होते. फिल्म तीच, सामने मात्र दोन झाले. तेव्हा पुढच्या वेळी काठावर पंचाच्या नावानं बोटं मोडणारा दिसला तर त्याला खोटारडा म्हणू नये. त्याला खरंच तसं दिसलेलं असतं.

सगळ्यात जास्त सलते ती थोडक्यात गेलेली हार. खो-खोत तर ती सलावी अशी सोयच करून ठेवलीय. गुण बरोबरीत सुटले तर जादा डाव, तिथंही बरोबरी राहिली तर लघुत्तम आक्रमण: पहिला गडी कुणी कमी वेळात टिपला एवढ्यावर निकाल. वर्षभराची मेहनत एका घड्याळाच्या काट्यावर. लीगच्या नव्या नियमांतही सुटका नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खोचा पहिला अंतिम सामना झाला. अखेरच्या क्षणांत ओडिशाच्या सूरज लांडेनं हवेत सूर मारून गडी टिपला आणि तेलुगू योद्धाज 45-46 असे, एका गुणानं हरले. त्यांचा कर्णधार प्रतीक वायकर आपल्या महाराष्ट्राचा. आठ-दहा गुणांनी हरलं तर मन लवकर गप्प बसतं. एका गुणानं हरलं की ते दुरुस्त्या करत सुटतं: तो एक पाय, ती एक शिट्टी, तो एक खो. जितकं थोडक्यात हुकलं, तितका ‘असं झालं असतं तर’चा खेळ सोपा, आणि तो रात्री अंथरुणातही खेळता येतो.

किती दिवस चालतं हे? आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलेजच्या फुटबॉल चाहत्यांना सामन्याआधी विचारलं, निकालाचा तुमच्या मनावर किती दिवस परिणाम राहील? पोरांचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा फुगलेले निघाले. कारण साधं आहे: अंदाज बांधताना डोळ्यांसमोर फक्त सामना असतो. परीक्षा, उधारी, घरातलं लग्न, बंद पडलेली मोटार यातलं काहीच तेव्हा आठवत नाही. ज्यांना आधी ‘त्या दिवसांत आणखी काय काय कराल ते लिहा’ असं सांगितलं, त्यांचे अंदाज लगेच जमिनीवर आले.

पण मग प्रश्न उरतोच. हरणं इतकं बोचत असेल तर हरणाऱ्या संघाच्या मागं माणसं राहतात कशी? अंग काढून घेणारे निघून जातात हे खरं, पण उरलेल्यांचं काय होतं? मार्था न्यूसन आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले दहा वर्षांत सगळ्यात यशस्वी ठरलेले पाच क्लब आणि सगळ्यात कमी यशस्वी पाच क्लब निवडले, आणि त्यांच्या चाहत्यांना विचारलं: आपल्याच क्लबच्या चाहत्यांचा जीव वाचवायला तुम्ही स्वतःचा द्याल का? कागदावरचा प्रश्न होता, त्यामुळं हो म्हणणं स्वस्त होतं. तरीही उत्तरांतला फरक डोळ्यांत भरतो. वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या क्रिस्टल पॅलेसच्या चाहत्यांपैकी सुमारे एक तृतीयांश हो म्हणाले. आर्सेनलच्या चाहत्यांमध्ये दहातला जेमतेम एक. संशोधक म्हणतात, पराभव लोक पुन्हा पुन्हा उगाळतात, उगाळता उगाळता तो त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा भाग होतो, आणि तोच भाग शेजारच्या माणसाच्याही आयुष्यात आहे हे कळलं की तो शेजारी राहत नाही, भाऊ होतो.

हे इंग्लंडचं म्हणून सोडून द्यायचं असेल तर मुंबईच्या कुठल्याही जुन्या क्रिकेटवाल्याला गाठा. मे 1991, वानखेडे, रणजीचा अंतिम सामना, समोर कपिल देवचा हरियाणा. मुंबईला 355 धावा हव्या होत्या, डाव 352 वर संपला. दिलीप वेंगसरकर 139 वर नाबाद राहिले आणि रडले. त्या दोन धावा, तो शेवटचा धावबाद, सगळं तो क्रिकेटवाला तुम्हाला काल घडल्यासारखं सांगेल. मुंबईनं रणजी करंडक चाळीसहून जास्त वेळा जिंकलाय. त्यातले किती अंतिम सामने असे चेंडूगणिक सांगता येतील, तेही त्यालाच विचारून पाहा.